नवा कॅल्क्युलेटर लगेच उत्तर देतो

अण्णा, तुमच्याकडे होता तोच कॅल्क्युलेटर कंपनीने पुन्हा नव्याने काढला आहे. लेकीने पुण्याहून पाठवला. "आई, फोनमध्ये असतं की सगळं," म्हणाली, पण पाठवला. तसाच आडवा, तीच सोनेरी-निळी अक्षरं, आणि बरोबरच्या चिन्हाचं बटण यालाही नाही. बटणं मात्र मऊ आहेत. तुमची टक्क वाजायची. सेल वेगळे. आणि वेग असा, की बोट उचलायच्या आत उत्तर.

तुमच्या कॅल्क्युलेटरचा पडदा आता विझत चालला आहे. पाटबंधारे खात्यात असताना कालव्याचा प्रवाह काढायला तुम्ही रचलेला प्रोग्रॅम फक्त त्याच्याच पोटात आहे. तो पुसला जाऊ नये म्हणून तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं मी श्वास रोखून सेल बदलले. नवा मागवला तोही त्यासाठीच.

मानवतचं स्वयंपाकघर. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली. तुम्ही कालव्यावरून येता, पाय धुऊन पाटावर बसता, पाण्याची खोली, तळाची रुंदी, उतार दाबता आणि मला म्हणता, "बोल, मशीनच्या आधी." पडदा लुकलुकत राहतो. मी अंदाज सांगते. "लय झालं. एवढं सोडलं तर पिंगळीचं स्टेशन वाहून जाईल." आई ताट पुढे सरकवते, "स्टेशन राहू द्या, इथं वरण गार व्हायलंय." मला वाटायचं, मशीन मंद आहे म्हणून मला विचार करायला वेळ मिळतो.

काल सकाळी तो प्रोग्रॅम एकेक पायरी बघत नव्यात उतरवला. मध्येच एक पायरी आली, क्षणभर थांबायची. लगेच पुन्हा तीच. पुन्हा तीच. गणिताला तिची गरज नाही. जन्मभर गणितच शिकवलं, तेवढं मला कळतं. त्या पायऱ्या वगळून पाहिलं. उत्तर तेच, झटकन. थांबत होतात ते तुम्ही, अण्णा. माझी घाई तुम्हाला ठाऊक होती, आणि कुणी 'सावकाश' म्हटलेलं मला खपत नाही हेही.

सगळे थांबे परत घातले. एवढा वेगवान घेऊन त्याला हळू केलंस, असं लेक म्हणेल. म्हणू दे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा एवढं कबूल करते. कालपासून प्रोग्रॅम चारपाचदा चालवला, पण अंदाज एकदाही सांगितला नाही. तो थांबला की मी 'अण्णा' म्हणते, आणि पुढचं सुचेपर्यंत उत्तर येतं.