चिठ्ठी नसलेली वायर

२ फेब्रु., सोम.
गाडीवरची ताडपत्री काढली. दोन वर्षांनी. शिंकून शिंकून बेजार. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स गाडी; माझी सुमन वारल्यापासून शेजारची सीट रिकामी, आणि गाडीचं सगळं बघणारा दोस्त नरसय्या रुसून गेल्यापासून बॉनेटही बंद. डॅशबोर्डवरचे मीटर काढून साफ करायचं ठरवलंय. हाताला काहीतरी हवं. दिवसभरात बोललो फक्त दूधवाल्याशी. "अर्धाच लिटर." संपलं.

३ फेब्रु.
आधी बॅटरीची वायर सोडली. मग डोकं डॅशबोर्डखाली, पाय सीटच्या पाठीवर. सदुसष्टाव्या वर्षी हे शीर्षासन! बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं. बरं कसलं.
मागून पट्टी नि दोन नट, बोटांनी सुटतात. स्पीडोमीटर निघाला, पेट्रोलचा निघाला. ऑईलची बारीक नळी सोडली तर उरलंसुरलं तेल शर्टात.
सुटलेल्या प्रत्येक वायरला नरसय्याने चिठ्ठी बांधलीय. तेलुगूत! सोलापुरात उभा जन्म मास्तरकी केली, पण त्यातलं एक अक्षर येत नाही.

५ फेब्रु.
चिठ्ठ्यांचे मीटरांसकट काढलेले फोटो वरच्या मजल्यावरच्या अंबक्कांना दाखवले; त्यांना तेलुगू वाचता येतं. वाचून पदर तोंडाला.
"पेट्रोलला 'तहान' लिवलंय की ओ. आन् हितं 'मास्तर'."
"मास्तर कशावर?"
"गाडी किती तापली ते दावतंय की, त्याच्यावर."
दोघंही हसलो. खाली आल्यावर मात्र रडू आलं. लेकाचा नरसय्या.

६ फेब्रु.
पाठ धरली. काम बंद.
भांडणाबद्दल इथे कधी लिहिलं नाही. त्या रविवारी डॅशबोर्डातून धूर आला नि मी नरसय्यावर ओरडलो, "डोळे गेलेत तुझे. परत वायरला हात लावू नकोस." तो "बरं मास्तर" म्हणाला. पक्कड पुसून ठेवली, गेला. सुमनच्या मागे घरी येणारा तो एकटाच होता. त्यानंतर…

८ फेब्रु., रवि.
शेवटचा अँपिअर मीटर निघाला. जळालेली वायर त्याच्याच मागे. तिला चिठ्ठी नाही.
नरसय्या चिठ्ठी बांधल्याशिवाय वायर जोडायचाच नाही. हिचा नट सैल, वर तपकिरी टेप. माझी, शाळेत नकाशे चिकटवायची. तो चहा प्यायला गेला तेव्हा मीच घाईने जोडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे आज आठवलं, की आधीपासून आठवत होतं? लाज वाटते. जेवलो नाही.

९ फेब्रु.
अँपिअर मीटर पिशवीत घालून नरसय्याकडे गेलो. सुनेने दार उघडलं, आत हाक दिली. तो खाटेवर. मान वळवली नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो.
"नट मीच सैल ठेवला होता. चूक माझी."
त्याने उशी सरळ केली. मग, "दोन वर्सांनी उघडून बघितलाव व्हय?"
पिशवी उघडली. मीटर पुढे केला. त्याने घेतला, कानाशी हलवला, उशीजवळ ठेवला. बसा म्हणाला नाही. सून चहा ठेवून गेली, तो उभ्यानेच प्यालो.
निघताना चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. आतून हाक आली नाही. मीटर त्याच्याकडेच आहे. त्याने परत दिला नाही, मी मागितला नाही.