आढ्याजवळचं कौल

वेल्हे, १२ नोव्हेंबर १९३६
पोचलो एकदाचे! भोरहून नसरापूरपर्यंत मोटार आणि पुढे हरिबाची बैलगाडी. सात महिन्यांची शकू गाडीतल्या पेंढ्यावर मजेत आली, कंबर मोडली ती तिच्या आईची, रतनची. संस्थानने जमीन मोजणीसाठी मला वर्षभर इकडे पाठवलं आहे. हरिबाने गावाच्या कडेचं आपलं रिकामं घर दिलं. ताजी सारवलेली जमीन, डोक्यावर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर माळा आणि मग कौलं. भोरच्या दोन खोल्यांपुढे हा राजवाडाच म्हणायचा. मधल्या खोलीत तुळईला कडी होती, तिथेच पाळणा टांगला. ओटीवर तोरण्याकडे तोंड करून चहा घेतला आणि जीव सुखावला.

१५ नोव्हेंबर
माळ्यावर काहीतरी आहे. दुपारी शकूचा डोळा लागतो न लागतो तोच वर घसट सुरू होते. अनवाणी माणूस पाय ओढत चालावा तसा आवाज. मागच्या भिंतीपासून निघतो, पाळण्याच्या वर येतो आणि थांबतो. शकू दचकून उठते. उंदीर असणार. रतन म्हणते, उंदीर एवढा सावकाश चालतो का? मी म्हटलं, वेल्ह्याचे उंदीर निवांत असतील.

१८ नोव्हेंबर
तीन दिवस काठीने तक्तपोशी ठोकली. कोळशाने खुणा केल्या, आवाजाची वाट फुटाफुटाने मोजली. गावोगाव जमिनी मोजतो आणि स्वतःच्या घरातला एक आवाज सापडत नाही, म्हणजे कमाल झाली. पोर झोपेवाचून किरकिरी झाली आहे.

१९ नोव्हेंबर
सापडलं! शिडी लावून माळ्यावर चढलो. पाळण्याच्या बरोबर वर, आढ्याजवळ, एक कौल नाही. लख्ख आभाळ दिसतं. वानर तिथूनच आत येत असणार. हरिबा खळ्यावर होता, त्याला कशाला विचारायचं? परसातलं कौल नेऊन मीच बसवलं, वर चिखल लिंपला. रतनपुढे ऐट मिरवून घेतली.

२० नोव्हेंबर
वाढलं. आता आवाज थांबत नाही. त्या कौलापाशी जातो, आतून ठोकतो, परत येतो. पुन्हा जातो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. वानर आत कोंडलं म्हणावं तर माळ्यावर काही नाही. मी दोनदा चढून पाहिलं. डोकं फिरायची वेळ आली आहे.

२२ नोव्हेंबर
शकूला ताप. दोन दिवस तिला झोप नाही, आवाज आता रात्रीही. रतन कामथडीला माहेरी जाते म्हणते. तापाच्या पोरीला गाडीत घालून? मी तिच्यावर ओरडलो, मग स्वतःचीच लाज वाटली.

२३ नोव्हेंबर
कौलं शाकारणाऱ्या सोनबाला बोलावलं. वर गेला तसा खाली आला. म्हणाला, “रावसाहेब, त्ये कौल कुनी बशिवलं?” हरिबाची आई धोंडाबाई भाद्रपदात याच खोलीत गेली. नऊ दिवस जीव जाईना, म्हणून तिच्या अंथरुणाच्या बरोबर वरचं कौल काढून जिवाला वाट केली. “वर्साचं होईस्तवर ती वाट बुजवायची नसती. आता उगडा, पन खाली कुनी निजलेलं नगं. तापाचं लेकरू तर न्हाईच न्हाई.” स्वतः हात लावायला तयार होईना.
हरिबाला जाब विचारला. म्हणाला, तुमी माळ्यावर चढाल असं वाटलं न्हवतं! सगळा अडाणीपणा. उद्या रतन पोरीला घेऊन बाहेर बसेल, मी कौल काढीन आणि प्रकरण मिटवीन.

२४ नोव्हेंबर, दुपार
शकू झोपली. चार दिवसांत पहिल्यांदा. रतन हरिबाकडे काढ्यासाठी तुळस आणायला गेली आहे.
जरा थांबलेलं ठोकणं वर पुन्हा सुरू झालं. आता ही उठणार. उचलून बाहेर न्यावी तर उठेल, न न्यावी तर आवाजाने उठेल. नको, तिला हलवत नाही. मीच वर जातो. एक कौल तर सरकवायचं—

तीच दुपार
काढलं. ठोकणं तिथल्या तिथे थांबलं. कानाजवळून गार झुळूक वर गेली. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मी हसलोसुद्धा.
मग तिच्या मागोमाग आणखी एक. लहानशी. उबदार. दुधाचा वास—

खाली आलो. घरात आवाज नाही. शकू झोपली आहे. पाळणा हलत नाही. झोपू दे.

रतन आली. पाळण्यावर वाकली आहे. मला हाक मारते आहे. पुन्हा मारते आहे. मी मान वर करत नाही, लिहितो आहे. लिहिणं थांबलं की मला उठून पाळण्यापाशी जावं ला—