टाकीखालची नळी

४ सप्टेंबर

आलो एकदाचा उत्तरेला! वस्तीला नाव नाही, नुसती 'सातवी ओळ'. सहाव्या ओळीत ओबाता नावाचा म्हातारा राहतो, आठव्या ओळीत कोणीच नाही. चारी बाजूंना बीटाची शेतं, पलीकडे डोंगर, आणि हवा इतकी स्वच्छ की दोन श्वास फुकटचे जास्त घ्यावेत. याच हवेसाठी हा सगळा खटाटोप आहे. माझी पोरगी चिहारू नऊ वर्षांची झाली तरी तिला एक जिना दम न लागता चढता येत नाही. सेंदाईच्या डॉक्टरांनी थंड, कोरडी हवा सांगितली आणि मी सव्वीस वर्षांची पाणीखात्यातली नोकरी सोडली. निरोपाला त्यांनी मला घड्याळ दिलं. नोकरी सोडलेल्या माणसाने वेळ बघून करायचंय काय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बायकोची, तोमोएची, अट साधी आहे. तिचं बालपण आओमोरीच्या खेड्यात गेलं, बर्फात कंदील घेऊन अंगणातल्या संडासात जाण्यात. निघताना तिने बजावलं, "नळाला पाणी आणि घरात संडास. दोन्ही झालं की पोरीला घेऊन येते. त्याआधी नुसत्या हवेची वर्णनं ऐकवू नका." जमीन नोव्हेंबरच्या मध्याला गोठते. म्हणजे हातात दहा आठवडे. जुन्या सवयीने कामाची वही सुरू केलीय, रोजचं रोज लिहीन.

७ सप्टेंबर

आखणी झाली. इथे गोठण चार फूट खोल जाते, म्हणून पाण्याचा नळ पाच फुटांवर. नवी विहीर घराच्या वर, सांडपाण्याची टाकी घराच्या खाली, मधला नळ शक्य तितका आखूड. नळ लांबला की उतारामुळे त्याचं टोक खोल जातं, आणि टाकी थडग्याएवढी खोल पुरावी लागते. टाकीत मैला खाणारे जंतू असतात, त्यांना हवा पुरवायला एक छोटं यंत्र दिवसरात्र चालतं. नकाशा गेल्या महिन्यातच टपालाने पाठवला होता, आज तालुक्याच्या कचेरीत मंजूर झाला. सव्वीस वर्षं मी लोकांचे नकाशे मंजूर केले, आज पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. आतला पोरगा माझ्याशी अगदी माझ्यासारखाच बोलला. राग आला.

९ सप्टेंबर

ओबाता म्हातारा त्याचं खोदाईचं यंत्र घेऊन आला. ऐंशीच्या घरातला, पण हात स्थिर. टाकीच्या जागेवर गवतातून एक गंजकी लोखंडी नळी वर आलीय, मनगटाएवढी जाड, गुडघाभर उंच. ती बघताच त्याने यंत्र बंद केलं. म्हणाला, ही बुजवलेल्या विहिरीची श्वासाची नळी, इथे खणायचं नाही.

हे मला कोणी शिकवायला नको. विहीर बुजवताना तिच्या देवाचा जीव घुसमटू नये म्हणून नळी ठेवतातच. आमच्या खात्याचे साहेबसुद्धा ठेवायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि दोन वर्षांनी रस्ता आला की तीच नळी उपटायचे. मी त्याला मंजूर नकाशा दाखवला. टाकी पाच पावलं सरकवायची तर नवा नकाशा, नवी मंजुरी, तीन आठवडे, आणि शेवटचं काम बर्फात. म्हातारा म्हणाला, "मुरोईसान, मैल्यातल्या किड्यांना हवा द्यायला तुम्ही यंत्र बसवताय, आणि विहिरीची एक नळी तुम्हाला जड झाली?" मला हसू आलं. त्याला नाही आलं.

१२ सप्टेंबर

ओबाताने परवाच यंत्राची किल्ली दिली. वर म्हणाला, यंत्र घ्या, माझे हात लागणार नाहीत. मग मीच खणलं. नऊ फुटांवर नळी कापली, तोंडाला टोपण ठोकलं, वर टाकीच्या बैठकीचं काँक्रीट ओतलं. टोपण बसवण्याआधी बाजूचा भुसा आपोआप नळीत ओढला गेला. जमिनीच्या आतली हवा गार, वरची गरम, त्यामुळे असं होतं. आज तिसऱ्या दिवशी टाकी बसवून पाण्याने भरून ठेवली, नाहीतर ती मातीतून वर तरंगते. काम चोख झालंय. पहिल्या रात्री झोप लागली नाही, पण ती पाठदुखीने.

३० सप्टेंबर

नवी विहीर सव्वाशे फुटांवर लागली, पाणी गोड. तयार भिंतींचं घरही सुतारांनी उभं केलं. दुहेरी काचा, सगळ्या फटी बंद. आत मेणबत्ती लावून फिरलो, ज्योत कुठेच हलली नाही. थंड मुलखातलं घर असं असावं. ओबाता फिरकत नाही. नाही तर नाही, माझं अडलं नाही.

१४ ऑक्टोबर

नळाला पाणी आलं! संडासही चालू. तोमोएला फोन केला तर तिने बसायचं झाकण गरम होतं का एवढंच विचारलं. होतं, म्हटलं. मग तिला रडू आलं. फोनवर तिच्या मागून चिहारू विचारत होती की तिथे कुत्रा पाळता येईल का. दोन शब्द बोलून ती धापा टाकत होती. नऊ नोव्हेंबरला दोघी पोचतायत. आज सामन मासा भाजला, दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

१९ ऑक्टोबर

बेसिनच्या जाळीतून पाण्याचा घोट घेतल्यासारखा आवाज येतो. नळाच्या वळणात वास अडवायला थोडं पाणी राहतं, ते सकाळी नाहीसं झालेलं असतं. सांडपाण्याच्या नळालाही श्वास लागतो, म्हणून छपरावर उघडं तोंड ठेवतात. ते तुंबलं असेल म्हणून वर चढलो. स्वच्छ आहे.

२१ ऑक्टोबर

जाळीवर कागदाची पट्टी धरली. ती आत ओढली गेली, थांबली, पुन्हा ओढली गेली. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बारा वेळा. (घड्याळ शेवटी कामाला आलं.) तासभर बसलो. पट्टी एकदाही बाहेरच्या बाजूला हलली नाही. न्हाणीघरात तेच, संडासात तेच. जंतूंचं यंत्र बंद करून पाहिलं, तरी तेच.

मिनिटाला बारा वेळा माणूस श्वास घेतो. हे लिहायला नको होतं.

२५ ऑक्टोबर

घरात तासाभराने डोकं जड होतं. बाहेर आलं की बरं वाटतं. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी फरक नाही. आज आंघोळीच्या टबात बसलो होतो आणि श्वास सोडला, पण पुढचा घेताच येईना. छातीतला श्वास कोणीतरी माझ्याआधीच घेऊन टाकला होता. उघड्या अंगाने अंगणात पळालो.

सगळे हिशेब पुन्हा तपासले. उतार, व्यास, वळणं, सगळं बरोबर आहे. मी आयुष्यात नळ चुकीचा घातलेला नाही.

२७ ऑक्टोबर

ओबाताकडे गेलो. त्याने चहा दिला आणि माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं.

युद्धानंतर इथे सात कुटुंबं आली. सरकारने जमीन दिली आणि विसरून गेलं. इवासे नावाचा माणूस ही विहीर खणत होता. नोव्हेंबरात साठ फुटांवर कडा कोसळल्या आणि तो कमरेपर्यंत गाडला गेला. त्याला काढायला दोघे उतरले, तेही वाईट हवेने बेशुद्ध होऊन दोरावर परत आले. मग नळीला नळी जोडून खाली सोडली, म्हणजे त्याला हवा मिळेल. तो तीन दिवस नळीतून हाका मारत होता. थंडी तोंडावर आलेली, एकाचंही घर उभं नव्हतं, आणि त्या हाका ऐकून कोणाचे हात चालत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी विहीर बुजवली.

"तो जिवंत असताना?" मी विचारलं. ओबाता म्हणाला, "पहिलं फावडं माझ्या बापाने टाकलं. सातही घरं थंडीआधी उभी राहिली, मुरोईसान. तुमच्यासारखीच घाई होती आम्हाला."

इवासेच्या बायकोने नळीला मिठी मारली, म्हणून तेवढी राहिली. ती म्हातारी होऊन मरेपर्यंत रोज सकाळी त्यात गरम मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप ओतायची. ओबाता लहानपणी नळीला कान लावायचा. काय ऐकू यायचं ते त्याने सांगितलं नाही. हे मला तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी ओरडलो. म्हणाला, बापाचं नाव घेऊन सांगावं लागलं असतं.

एका म्हाताऱ्याला लाज वाटली आणि एका कारकुनाला नकाशा बदलायचा कंटाळा आला. एवढ्यावर होतं सगळं.

१ नोव्हेंबर

तोमोएला फोन केला. येऊ नका म्हटलं. ती म्हणाली, "झालं सुरू तुमचं! घर सोडलं, सामान ट्रकवर चढलं, शाळेचा दाखला काढला. आता काय, विहिरीत भूत आहे?" मी हो म्हणू शकलो नाही. हसेल म्हणून. टाकीत थोडी गळती आहे म्हणालो. ती म्हणाली, मग दुरुस्त करा, सव्वीस वर्षं केलंत काय.

दुरुस्त करतो.

३ नोव्हेंबर

टाकीला चिकटून खड्डा खणतोय, फावड्याने. यंत्र लावलं तर टाकी फुटेल. यंदा लवकरच वरची वीतभर माती गोठलीय, पहारीने फोडावी लागते. खाली ओली, सैल. कडांना फळ्या लावल्यात, पण पुरेशा नाहीत. गाडीत झोपतो. घरात काडी पेटत नाही.

६ नोव्हेंबर

सात फूट. घरातून आवाज अंगणापर्यंत येतो आता. सगळ्या जाळ्या एकदम — आत. थांबून — आत. इतके दिवस नुसतं आत घेतोय तो. सोडायला तोंडच ठेवलं नाही मी.

८ नोव्हेंबर

टाकीखालचं काँक्रीट बाजूने फुटलं. दुपारी टोपण निघालं.

बाहेर आला श्वास. लांब. संपेचना. कोमट, ओल्या मातीचा, शिळ्या मिसोचा. मी तोंड लपवून बसलो. माफी मागितली, मोठ्याने, नाव घेऊन. इवासेसान, चुकलो.

मग सगळं शांत झालं. घरात गेलो, काडी पेटली. पट्टी जाळीवर धरली, हलली नाही. रडलो. उद्या नळी वरपर्यंत जोडून घेतली की झालं. येऊ देत दोघींना.

९ नोव्हेंबर

खड्ड्यात आहे. वही गुडघ्यावर, एका हाताने लिहितोय. लिहिलंच पाहिजे, बोलायला श्वास पुरत नाही.

दोघी दुपारी बाराला आल्या, लवकर. मी नळी जोडायला उतरलो होतो. चिहारू अंगण पळत ओलांडून घरात गेली, धाप न लागता. वरून ओरडली, "बाबा, नळाला पाणी येतंय!" हसत होती. तोमोए पण.

मग नळीतून श्वास बाहेर आला. कोमट नव्हता. बारीक. घरघरणारा. नऊ वर्षं रात्री उशाशी बसून ऐकलेला. बापाला ओळखू येतो.

चिहारूचा.

घरातून आत, इथून बाहेर. मी त्याला दुसरं तोंड दिलं. नुसता घेत होता, आता घेऊन सोडतोही — तिच्याच श्वासाने —

घाबरून नळीवर तळहात दाबला. घरघर थांबली. वर तोमोएची किंकाळी. "अहो, हिला श्वास येत नाहीये! निळी पडतेय!"

हात काढला. श्वास आला. वर चिहारू खोकली.

पुन्हा नाही करणार. तिचा श्वास आता या नळीतूनच चालतो.

तोमोएने तिला अंगणात आणलं. गाडीत नेलं. तरी तेच. दूर नेलं तर श्वास तुटतोय. माझ्या डोक्यावरच बसल्यात दोघी आता, कडेला. बर्फ सुरू झालंय. पोरीला विचारलं, दुखतं का. नाही म्हणाली. तळाशी कोणीतरी आहे म्हणाली, आणि तो खूप दमलाय.

तोमोए मदतीला ओबाताकडे पळाली. यंत्र आणू नको म्हणायचं होतं. ऐकू गेलं नाही.

नळीचं तोंड छातीच्या खाली आहे माझ्या. जोडायचा तुकडा वर राहिला. चिहारू, कडेपासून लांब हो. तुझ्या वजनाने माती —

फळी गेली. गुडघ्यापर्यंत आलीय. नळीभोवती हाताने बांध करतोय, वही तोंडात — तोंडाजवळ धरून —

श्वास चालू आहे. ऐकतोय. मोजतोय. मिनिटाला चोवीस.

यंत्राचा आवाज. रस्त्यावर. इकडेच येतंय. जमीन हलतेय. थांबवा त्याला, तोमोए, थांबव, कडा —

कमरेपर्यंत. नळी अजून उघडी. नळीच्या तोंडापर्यंत दोन बोटं उरलीत मातीला. मी वाकून पाठ मध्ये घालतो, माती पाठीवर घेतो, म्हणजे तिला