सत्यशीलेला नगरला जेवायला नेले त्याची हकीकत

मु. माळवस्ती, ता. पारनेर
शुक्रवार, सकाळ

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर अजिनाथचे डोके, आणि त्यामागे घरातल्या लहानथोरांची रांग आहे असे समजावे. इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचे तेल लागू पडले की नाही ते कळवा. पडले नसेल तर उरलेली बाटली इकडे पाठवा, आमच्या बैलाच्या खांद्याला चालेल (हे गमतीने लिहिलेले नाही). मनकर्णाअक्काला नमस्कार. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेले नाही. फोनच केला असता, पण नेवाशात तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, मी हॅलो म्हटले की पलीकडून चार जण "बोला" म्हणतात. आणि हे प्रकरण चौघांत बोलण्यासारखे नाही.

झाले असे, की आमची सत्यशीला अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला पारनेरला गेली होती. दिवसभर मुलांची वजने आणि डाळीचे प्रमाण झाल्यावर शेवटच्या तासाला पुण्याच्या एका मॅडमनी सगळ्या बायांना विचारले, की नवऱ्यासमोर बसून, दोघांनीच, तुम्ही शेवटचे कधी जेवलात? बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. ही हसली नाही. घरी येऊन तिने तोच प्रश्न मला टाकला. मी म्हणालो, परवाच की! परवा आम्ही सुप्याला एका दहाव्याला जेवलो होतो. ती बायकांच्या पंगतीत होती आणि मी पुरुषांच्या, मध्ये चाळीस हातांचे अंतर होते, पण मांडव एकच होता हे मी तिच्या लक्षात आणून दिले. यावर ती भांडली असती तर मला सवय आहे. ती भांडली नाही. भाकरी ताटात ठेवता ठेवता म्हणाली, "अठरा वर्सं झाली, मी उभ्यानं वाढती. वरून मला तुमचं टक्कलच दिसतंय. जेवताना तुमचं तोंड कसं हलतं ते काय बघितलं न्हाई." एवढे बोलून भांडी घासायला गेली. दाजी, मी डोक्यावर हात फिरवून पाहिला. टक्कल आहे खरे.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त सरकारी कामापुरते बोलू लागली (गोठ्याचा दिवा, गॅसची टाकी). मग मीच जाहीर केले की येत्या गुरुवारी लग्नाचा वाढदिवस आहे, आपण नगरला जेवायला जाऊ, दोघंच. (आता अहिल्यानगर लिहायला हवे, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो.) ती म्हणाली, जागा चांगली बघा. बस्स, तिथून माझे हाल सुरू झाले.

तुम्ही आमच्या छगनला ओळखता, दुधाचा टेम्पोवाला. त्याला शहरातली साठेक हॉटेले तोंडपाठ आहेत, पण सगळी मागच्या दाराने. त्यामुळे त्याची माहिती म्हणजे, इथला भटारी मोरीत पाय धुतो, तिथली मांजर स्वभावाने चांगली, अशी. रोमँटिक कोणते, असे विचारल्यावर त्याने टेम्पो बाजूला घेऊन विचार केला आणि सांगितले की एका ठिकाणी पनीर रोज ताजे घेतात. आधी त्याने मला हायवेवरच्या एका ढाब्याची 'फॅमिली रूम' दाखवली. प्लॅस्टिकचा पडदा, आत टेबल, भिंतीवर खताच्या कंपनीचे कॅलेंडर. जागा मला पसंत पडली होती. पण हात धुवायचे बेसिन त्याच खोलीत होते. आम्ही चहा पिईपर्यंत अकरा जण हात धुवून गेले, त्यातले सात ओळखीचे निघाले, आणि एकाने तर ओले हात माझ्या खांद्याला पुसत सोसायटीच्या निवडणुकीचा विषय काढला.

मग सावेडीतले एक हॉटेल पाहायला गेलो. नाव इंग्रजी आहे, दोनदा विचारूनही मला म्हणता आलेले नाही. आत इतका अंधार, की मला वाटले लाईट गेली आहे आणि आपण नंतर यावे. पण मॅनेजरने हाताला धरून बसवले, मेणबत्ती लावली, टेबलावर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या. छगनला ती कोशिंबीर वाटली. त्याने निम्म्या खाल्ल्या आणि मीठ मागितले. तेवढ्यात एक गिटारवाला येऊन छगनच्या कानाशी डोळे मिटून वाजवू लागला. छगन बिचारा हात जोडून बसला, कारण त्याला वाटले आरती आहे. निघताना मॅनेजरने आमच्या हातात तांबड्या पुठ्ठ्याचा बदाम दिला आणि "स्माईल" म्हणाला. आम्ही केले. कोणी नम्रपणे काही सांगितले तर मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणता.

तो फोटो हॉटेलने इंटरनेटवर टाकला. वर लिहिले, 'आजची लाडकी जोडी'. आम्ही गावात पोचायच्या आत फोटो पोचला होता. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी अभिनंदन केले, त्यात ग्रामसेवकही होते. छगनची बायको धनश्री एवढेच म्हणाली, की मला कधी नेणार?  सत्यशीलेने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्याला न्हेलं." तिच्या डोळ्यांत पाणी होते, दाजी. एवढा वेळ मला हे सगळे हसण्यावारी वाटत होते. तेव्हा नाही वाटले.

शेवटी छगनला न विचारता, माझ्या अकलेने, भिंगारच्या पुढचे एक बागेतले हॉटेल ठरवले. झाडाखाली टेबले, बारीक दिवे, माणसाला माणूस दिसेल इतपत उजेड. घरात म्हातारा-म्हातारीला काय सांगायचे हा प्रश्न होता. (या वयात बायकोला घेऊन जेवायला निघालो, असे वडिलांना सांगायला तुमच्यासारखी छाती लागते, मला ती नाही.) मी मिक्सर दुरुस्तीचे कारण ठरवले. पण गुरुवारी दुपारीच दादा म्हणाले, आज माझ्या डोळ्यांची तपासणी आहे, मी आणि तुझी आई एसटीने नगरला जातो. मी मनात म्हटले, देव पावला.

संध्याकाळी मोटारसायकलवरून पोचलो. सत्यशीलेने जांभळी साडी नेसली होती, आणि गाडीवर मागे बसून ती चक्क गुणगुणत होती. बागेत शिरलो आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे माझे लक्ष गेले. तिथे आमचे दादा काळा गॉगल लावून काट्याने नूडल गुंडाळत होते. समोर आई. आईपुढे काचेच्या उंच पेल्यात आईस्क्रीम, आणि ती हसत होती. खळखळून. आमची आई, कडूबाई, जिच्या नावाला जागणारा चेहरा तुम्ही पंचवीस वर्षे पाहताय, ती.

दादांनी मला पाहिले. गॉगल वर केला.

"अज्या, तू हितं कसा?"

"मिक्सर दुरुस्तीला."

"मिक्सर कुटंय?"

मी म्हणालो, "तुमचे डोळे कसे हायेत?"

"बरे हायेत," दादा म्हणाले. "चार वर्सं झाली बरे हून."

दाजी, चार वर्षे हा मनुष्य दर महिन्याला डोळे तपासायला जातो आहे, आणि परत आल्यावर मी त्यांना हाताला धरून ओटा चढवतो आहे!

सत्यशीलेने डोक्यावर पदर घेतला होता आणि सवयीने दादांच्या ताटात वाढायला चमचा उचलला होता. मीही टेबले जोडायला लागलो होतो. दादांनी टेबलाचा पाय धरला. म्हणाले, "बस खाली, पोरी. हितं कुनी कुनाची सून न्हाई. आन आमचं टेबल येगळं हाय." आई फक्त एवढे म्हणाली, की ते पांढरे सूप घेऊ नको, पातळ पिठल्यावानी लागतं.

आम्ही दूरच्या टेबलावर बसलो. आता बोलायचे काय? अठरा वर्षांत आम्ही समोरासमोर बसलेलोच नाही, तर विषय कुठून आणणार? मी कांद्याच्या रोपाचे काढले, तिने हात वर करून थांबवले. जेवण आले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून चावत राहिलो. मग ती म्हणाली, "तुमी डाव्याच दाढंनं चावताय."

"उजवी दुखती."

"कवापासनं?"

"दोन वर्सं."

"मग बोलला का न्हाई?"

मी म्हटले, तू वाढत असतेस, कधी सांगणार? तिने चमचा खाली ठेवला. मग मीही विचारले, तुझे काय राहिलेय सांगायचे? ती म्हणाली, मला वांगं आवडत नाही. दाजी, अठरा वर्षे मी मंगळवारच्या बाजारातून छाती काढून वांगी आणतोय, तिच्यासाठी! ती हसायला लागली, मग मी लागलो, मग पलीकडून दादा ओरडले की आवाज कमी, माणसं जेवायला आलीत. जेवण गार झाले. कोणते होते तेही आठवत नाही. निघताना मी दादांना रिक्षा करून देतो म्हणालो, तर म्हणाले, तुमी व्हा पुढं, एस्टीत शेजारी बसाय मिळतं.

असो. लांबले फार. लोभ आहेच, गुडघा मात्र सांभाळा.

आपला,
अजिनाथ

ता. क. : पत्राचे खरे कारण वर लिहायचे धाडस झाले नाही. चार वर्षे डोळे बरे होत नाहीत या काळजीने अक्काने दादांना येत्या सोमवारी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचे ठरवले आहे, आणि गाडी तुम्हीच चालवणार आहात. डोळे ठणठणीत आहेत हे तिला कोणीतरी सांगायला हवे. दादा म्हणतात मी सांगणार नाही. आई म्हणते मला काही ठाऊकच नाही. मी लहान भाऊ. तेव्हा तुम्हीच सांगा. ती तुम्हाला जास्तीत जास्त काय करेल?

ता. क. २ : दाजींना सत्यशीलेचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला मीच निघाले आहे म्हणून वाचले. तुम्ही वन्संना काही सांगू नका. त्यांना सगळे पहिल्यापासून माहीत आहे, भिंगारचे हॉटेल मामंजींना त्यांनीच सांगितले होते. काल रात्री परत आल्यावर मी त्यांना फोन केला तेव्हा समजले, की पुण्यात डॉक्टर वगैरे कोणी नाही. सोमवारी सकाळी मामंजींच्या पोटात दुखेल आणि गाडीत तुम्ही दोघेच उराल. वन्संनी टेबल सांगून ठेवले आहे. निळा शर्ट घाला, आणि यांच्यासारखे सोबत कोणाला घेऊ नका.