तीन पेले पाणी

ताई, धाकटीचा नमस्कार.

त्या सकाळी मी भांडी घासत होते आणि हे आतून पाणी मागत होते, आठवतं ना? "एवढं पातेलं होऊ दे," मी म्हणाले. पेला घेऊन आत गेले, तोवर सगळं संपलं होतं.

तुझी भाची बरी आहे, काळजी करू नकोस. हृदयाचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाई रोज पोटावरून सोनोग्राफी करतात, हृदयाकडे जाणारी मोठी शीर किती भरलीय ते बघतात आणि मगच सलाईन किती द्यायचं ते ठरवतात. त्यासाठी वेगळी टोचाटोची नाही.

पाणी मात्र मोजून, हृदयावर भार नको म्हणून. परवा ती ओठ चाटत "आई, घोटभर" म्हणाली. मी चोरून तीन पेले पाजले.

काल बाई मशीनच्या पडद्याकडे बघत राहिल्या. "सलाईन कमी केलं तरी शीर फुगलेलीच? आजी, हे मशीन चुगलखोर आहे हं. काही पाजलंत?"

"छे," मी म्हणाले. त्यांनी लघवीचं औषध वाढवलं. दिवसभर माझा पाय एका जागी ठरला नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या कुंड्यांना पाणी घालतेस ना?

आज बाई दारात दिसताच मी उठले आणि तिन्ही पेल्यांचं सांगून टाकलं.

तुझीच,
धाकटी