मुरबाडची गाडी

गुरुजी,

मी आता थकलोय. रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तुम्ही तर कधीच गेलात. तरी चार दिवस तुमचा कशेळ्याच्या शाळेतला वर्ग आठवतोय.

शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही वडिलांच्या तरुणपणचं एक जुनं मासिक आणायचात. त्यातली जत्रेत नवरा हरवलेल्या नव्या नवरीची गोष्ट आम्हाला पाठ होती. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती नुसतं "अहो" म्हणते आणि वीस-पंचवीस पुरुष मागे वळतात. तुम्ही एकेकाचा चेहरा करून दाखवताय, आम्ही बाकांवर लोळतोय, आणि तेवढ्यात तुमची बायको, आमच्या काकू, दारात येतात. "अहो, घराची किल्ली," त्या हळूच म्हणतात. अख्खा वर्ग खदखदून हसतो. तुम्हीही हसलात. "बघा, आली गोष्टीतली!" काकूंनी किल्ली खिडकीत ठेवली आणि मान खाली घालून गेल्या. पुढच्या शनिवारी मी गोष्ट मागितली, तर तुम्ही म्हणालात, "बस खाली. त्यात हसण्यासारखं काय नाय रं." मला वाटलं, माझंच काही चुकलं.

रविवारी कर्जतला पुतणीचं लग्न होतं. जेवणानंतर कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी माझी नेहमीची गोष्ट सांगितली: लग्नानंतर ही पहिल्यांदाच माहेराहून एकटी निघाली आणि कर्जतऐवजी मुरबाडच्या गाडीत बसली. सासरचं गाव विचारलं तर लाजून कंडक्टरला सांगेना. दर लग्नात सांगतो, दर लग्नात लोक हसतात. रविवारीही हसले. ही ताट तसंच ठेवून बाहेर जीपमध्ये जाऊन बसली.

मोहोपाड्याला घराशी उतरलो. मग ती म्हणाली, "मी मुरबाडच्या स्टँडवर सांजपर्यंत रडत होते. एक माणूस सारखा मागं मागं फिरत होता. ते कदी सांगत नाय तुमी."

मला ते माहीतच नव्हतं, गुरुजी. इतक्या वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी घरी गेल्यावर तुम्ही काकूंना काय म्हणालात? काहीतरी म्हणाला असाल, एवढंच कळतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. आज सकाळी तिच्याशी बोलायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो होतो. ती भाकरी थापत होती. मी उभ्याउभ्या पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.