खंडेनवमीचं वजन

आबा, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली आणि तुम्हाला सांगण्यासारखं चांगलं माझ्याकडे काही नाही. कारखाना बंद पडला. घोरावाडी स्टेशनच्या पलीकडची आपली पत्र्याची शेड अजून उभी आहे, पण आत कोणीतरी पेंढा भरून ठेवला आहे. परवा तिथून जाताना भिंतीतल्या भोकातून डोकावलो. ज्या भिंतीवर तुमचा हुक होता ती भिंत पेंढ्याआड गेली आहे. हुक असेल अजून, गंजलेला. मला तो बघायचा नव्हता, तरी मी तिथे पाच-दहा मिनिटं उभा होतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. वडगावच्या कचेरीतली तात्पुरती कारकुनी सुटली होती, मॅट्रिकचं सर्टिफिकेट खिशात होतं. मालकांनी मला तपासणीवर तुमच्या हाताखाली दिलं. परदेशी माल येणं बंद झालं होतं, आणि झाडं तोडायच्या पेट्रोलवरच्या करवती जिथे जिथे होत्या तिथे सुट्या भागांवाचून अडून पडल्या होत्या. आपण त्यांच्या इंजिनाचे क्लच करायचो. मला क्लच म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही तो तळहातावर ठेवून दाखवलात. दोन लोखंडी तुकडे आणि त्यांना आवळून धरणारी एक स्प्रिंग. इंजिन जोरात फिरलं की तुकडे बाहेर सरकतात आणि करवतीची दातेरी साखळी फिरते. इंजिन हळू झालं की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि साखळी थांबते. "थांबायलाच पायजे," तुम्ही म्हणालात. "कापतं तर समदंच. थांबतंय का त्ये बगायला आपुन हितं बसलोय."

तुमची तपासायची रीत साधी होती. भिंतीवर हुक, हुकाला स्प्रिंग, तिच्या खालच्या टोकाला तुमचं ते पितळी वजन, आणि मागे फळीवर तुम्ही स्वतः ओढलेल्या दोन रेघा. वजन लावल्यावर स्प्रिंगचं टोक त्या दोन रेघांच्या मध्ये थांबलं पाहिजे आणि वजन काढल्यावर होतं तिथे परत गेलं पाहिजे. एकेक स्प्रिंग, शंभर असो नाहीतर हजार. पास झालेली स्प्रिंग क्लचमध्ये बसली की मग त्या लोखंडी तुकड्यावर तुम्ही ठसा ठोकायचात, नखाएवढी चंद्रकोर. बाद झालेल्या स्प्रिंगा शनिवारी सकाळी मोडायच्या, आणि त्याही ज्याने वळल्या त्याने स्वतःच्या हाताने. मला तो पोरखेळ वाटायचा. भर कामाच्या वेळी मोठी माणसं ओळीने बसून आपणच केलेला माल पकडीने तोडतायत, आणि तुम्ही समोर तंबाखू मळत बसलायत. कोणाला तुम्ही एका शब्दाने बोलायचा नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्या माणसाच्या बाद स्प्रिंगा कमी झालेल्या असायच्या.

मला मात्र एकदा बोललात. एक स्प्रिंग खालच्या रेघेच्या केसभर खाली गेली होती आणि मी ती पास केली. दोन दिवसांनी तुम्ही मला अंगणात बोलावलंत. तीच स्प्रिंग बसवलेली करवत चालू करून ओट्यावर ठेवली होती, इंजिन अगदी हळू, नुसतं पुटपुटत होतं. साखळी थांबलेली असायला हवी होती, पण ती सरकत होती, आळसावल्यासारखी. तुम्ही बाभळीची एक ओली फांदी तिच्यावर टेकवलीत. साल सोलून निघाली आणि फांदी तुमच्या हातातून उडाली. मग तुम्ही मला म्हणालात, "घाल हात."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"घाल की. केसभरच हाय न्हवं?"

"नको आबा."

"का रं? तू न्हाई घालत, मग दुसऱ्यानं का घालावा?"

सगळी शेड बघत होती. मला इतकी लाज वाटली की दुपारी मी डबा उघडला नाही. ते तुम्ही पाहिलंत. संध्याकाळी मला धरून तुमच्या घरी नेलंत, आणि तुमच्या कारभारणीने, मावशींनी, तांदळाची भाकरी आणि हरभऱ्याची पातळ भाजी वाढली. मी चुलीपुढे बसलोय, धुराने डोळ्यांतून पाणी येतंय, आणि ते धुरानेच येतंय असं दाखवायची सोय झाल्यामुळे मी मनातल्या मनात चुलीचे आभार मानतोय. मावशी तुम्हाला म्हणतात, "लेकराला लय बोल्ला जनू." तुम्ही म्हणता, "बोल्लो न्हाई. इचारलं." शेजारी तुमचा मुलगा जेवत होता, माझ्याच वयाचा. त्याला कारखाना नको होता, लोखंडाचा वास डोक्यात जातो म्हणायचा. तो हसून मला म्हणाला, "मी म्हून तर येत न्हाई तितं. आबा घरात बोलतात त्येवडं बास हाय."

तुम्ही काम सोडलंत तेव्हा खोकला पार वाढला होता. शेवटच्या दिवशी ते वजन आणि ठसा तुमच्या जुन्या पटक्याच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलेत. दोन्ही तुमची स्वतःची होती, कारखान्याची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी पाया पडलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "झाकून ठिवू नगंस. वापर." वर्षभरात तुम्ही गेलात. मला वाटायचं, तुमच्या माघारी सगळं तसंच चालेल. मी होतो ना.

आबा, माल एका दिवसात बिघडत नाही. तसा बिघडला असता तर मीही आरडाओरडा केला असता. आधी स्प्रिंगा वळायची तार बदलली. नवी तार दिसायला जास्त चकचकीत होती. मग वळलेल्या स्प्रिंगा तापवून ज्यात बुडवायच्या ते तेल, जे तुम्ही महिन्याला बदलायला लावायचात, ते काळंठिक्कर होईपर्यंत तेच राहू लागलं. शनिवारचं मोडणं मालकांनी बंद केलं, म्हणाले, भंगार तसंही वितळवायचंच आहे, मोडता कशाला वेळ घालवून. न मोडलेल्या स्प्रिंगा पेटीत राहिल्या आणि मग एक दिवस त्यातल्याच काही मला पुन्हा हुकावर भेटल्या. मी ओळखल्या. तुम्ही म्हणायचात तसं, वाकडं नाक एकदा बघितलं की विसरत नाही. मी मालकांकडे गेलो, त्यांनी चहा मागवला, गोड बोलले, आणि मी चहा पिऊन परत आलो. मग एकेक ऐवजी दहातली एक तपासायची ठरलं. मग घाई म्हणून ठसा आधीच ठोकून ठेवायला लागलो, स्प्रिंग बसायच्या आधी. हे कोणी सांगितलं नव्हतं. ही युक्ती माझी. प्रत्येक वेळी मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. आता वाटतं, त्यातल्या एखाद्या दिवशी जरी तुम्ही दारात येऊन उभे राहिला असतात तर मी सुधारलो असतो. पण हेही खोटंच असेल. तुम्ही दिसावात म्हणून मी कधी दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मग ती खंडेनवमी. तुमची रीत मी एका बाबतीत मात्र कसोशीने पाळली होती. त्या दिवशी सकाळी हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वजन पाटाच्या मधोमध. त्या वर्षी मी ते चिंच लावून असं घासलं होतं की सोन्याचं वाटावं. पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि अकराच्या सुमाराला मालक आले. पुण्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा होता, माल आजच पाहिजे म्हणत होता. आदल्या दिवशी वळलेल्या स्प्रिंगा तपासायच्या राहिल्या होत्या. मी पाटाकडे बोट दाखवलं. मालकांनी हात जोडले, पूजेतल्या वजनाला, आणि म्हणाले, "ते उचलायचं नाहीच. आणि तुम्हाला वजन कशाला हवं? इतक्या वर्षांत हाताला कळतंच की."

मला ते आवडलं, आबा. हाताला कळतं, हे मला कोणीतरी म्हणायला हवंच होतं. मी सतरंजीवर बसलो आणि एकेक स्प्रिंग बोटांनी ताणून बघितली. आणि हाताला कळलं. पंधरा-वीस तरी मऊ लागल्या, नुसत्या पातळ पडल्यासारख्या. त्या बाजूला काढल्या, तर संख्या भरेना. ट्रकवाला भोंगा वाजवत होता. पाटावरचं वजन माझ्यापासून दोन हातांवर होतं. उचललं असतं तर एका तासात निकाल लागला असता. पण पूजा मोडायची नाही असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या मऊ स्प्रिंगा परत ढिगात सारल्या. ठसा तुकड्यांवर आधीच होता. माझ्या भेकडपणात मी देवाला मध्ये घातलं. वजनाची पूजा केली आणि वजन केलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तुमचा मुलगा माझ्या दारात आला. खंडाळ्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे तो काही वर्षं कामाला होता, बंगल्यांवर कललेली झाडं उतरवायचा. करवत चालवण्यात त्याचा हात धरणारा घाटात कोणी नव्हता, असं लोक म्हणायचे. उजवा हात बांधलेला होता. डाव्या हाताने त्याने फडकं सोडलं आणि क्लच माझ्यापुढे ठेवला.

"फांदी पाडली," तो म्हणाला. "करवत खाली ठिवली. इंजान हळूच व्हतं. पाला सारायला हात घातला, तर साखळी फिरतच व्हती." मग बांधलेला हात पुढे धरून म्हणाला, "तीन गेली. आंगटा आन् करंगळी ऱ्हायली."

चंद्रकोर मला दिसत होती.

"दुकानात दोन-तीन जातीचं व्हतं. ठेकेदार म्हनला, कंचा बी घे. मी ह्योच घेतला. म्हनलं, आबाचा ठसा हाय, ह्येच्यावर डोळं मिटून हात घालावा."

तो रडत नव्हता. मला काही विचारतही नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. घरात पाण्याचा तांब्या आणायला गेलेली माझी बायको आतच थांबली. आबा, मी तो क्लच उचलला, उजेडात फिरवून फिरवून बघितला, डोळे बारीक केले, आणि म्हणालो, "हा आपला नाही. ठसा खोटा आहे. कोणीतरी नक्कल केली आहे."

त्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच," तो म्हणाला. "तुमच्या हातनं आसं व्हायचं न्हाई." आणि त्याने मला नमस्कार केला, त्या बांधलेल्या हाताला दुसरा हात जोडून.

त्यानंतर तो तळेगावापासून लोणावळ्यापर्यंत दुकानादुकानांत गेला. हात दाखवून सांगायचा, आमच्या आबाच्या ठशाची नक्कल निघाली आहे, बघून घ्या. तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तो उन्हातान्हात हिंडत होता, आणि मी कारखान्यात बसून खरा ठसा ठोकत होतो. हो, ठोकत होतो. कारखाना बंद पडेपर्यंत. त्या खेपेतल्या बाकीच्या मऊ स्प्रिंगा कुठे गेल्या, मला माहीत नाही. कोणत्या डोंगरात कोण त्यांच्यापुढे हात घालतो आहे, मला माहीत नाही. हा विचार मला सोडत नाही आणि त्यातून काही निष्पन्नही होत नाही. गेलेलं बोट येत नाही, आबा, आणि सांडलेला माल गोळा होत नाही. मी पुष्कळ दिवस वाट बघितली की याची धार बोथट होईल. झाली नाही.

मावशी गेल्या. मी अजून तुमच्याच वाडीत राहतो, कामाला लागलो तेव्हा तुम्ही मला पाहून दिलेल्या जागेत. तुमचा मुलगा चार घरं पलीकडे. खाचरं सांभाळतो, एका हाताने विळा चालवायला शिकला आहे. दर खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून माझ्याकडे येतो, कारण वजन माझ्याकडे असतं. यंदाही आला. वजन दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो, मग पाटावर ठेवून त्या उरलेल्या अंगठ्याने त्याला कुंकू लावतो. मी कुंकवाचा करंडा धरून शेजारी उभा असतो. यंदा तो मला म्हणाला, "आबा आसतं तर तुमास्नी बगून त्यांचं मन भरलं आसतं." मी हो म्हणालो.

तो गेल्यावर हे लिहायला बसलो. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. तो वाचू शकतो, चौथीपर्यंत शिकला आहे, आणि त्याचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. हा कागद घडी करून वजनाखाली ठेवावा असं मनात आलं होतं. पण पुढच्या वर्षी तो वजन उचलेल. म्हणून ट्रंकेत ठेवतो आहे, कपड्यांच्या अगदी तळाशी.